खोलीत कोण होतं?



आज आम्ही तुम्हाला लांबच्या एका देशात घेऊन जाणार आहोत. देशाचं नाव कॅनडा. अमेरिकेच्या उत्तरेला पसरलेला हा मोठा, थंड देश. मोठमोठी तळी, घनदाट जंगलं, आणि हिवाळ्यात सगळीकडे बर्फ. आमची गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा आपल्यासारखंच त्या देशावरही इंग्रजांचं राज्य होतं आणि शेवटचा न्याय मागायला लंडनलाच जावं लागायचं.

गोष्ट आहे एका वकिलाची, ऑलिव्हर मोवॅट यांची. कॅनडात ओंटारिओ नावाचा प्रांत आहे, आपल्याकडे राज्य असतं तसा. त्या प्रांताचे ते जवळजवळ चोवीस वर्षं मुख्यमंत्री होते. लागोपाठ सहा निवडणुका त्यांनी जिंकल्या.

तुम्ही म्हणाल, परदेशातल्या जुन्या मुख्यमंत्र्याचं आपल्याला काय? पण पाहा, लग्न झालेल्या बाईच्या नावावर मिळकत असावी का, बाईनं वकील व्हावं का, बाईनं मत द्यावं का, दारूचा धंदा कोणाच्या मतानं बंद व्हावा, हे सगळे प्रश्न या माणसाच्या टेबलावर एकामागून एक आले. काहींना त्यांनी हो म्हटलं, काहींना नाही. ही गोष्ट ऐकताना एकच प्रश्न मनात धरून ठेवा. निर्णय झाला तेव्हा त्या खोलीत कोण होतं?

किंग्स्टनचा मुलगा

ऑलिव्हर मोवॅट यांचा जन्म २२ जुलै १८२० चा, किंग्स्टन गावातला. वडील मूळचे स्कॉटलंडचे. सैन्यात नोकरी करून कॅनडात आले आणि तिथेच दुकानदारी करून स्थिरावले. ऑलिव्हर थोरला मुलगा. अंगानं ठेंगणा, डोळ्यांना चष्मा, स्वभाव सावध.

त्या काळी वकील व्हायचं तर एखाद्या वकिलाच्या हाताखाली काही वर्षं उमेदवारी करावी लागायची. १८३६ मध्ये ऑलिव्हर किंग्स्टनच्याच एका तरुण वकिलाच्या कचेरीत उमेदवार म्हणून लागला. तो वकील त्याच्यापेक्षा अवघ्या पाच वर्षांनी मोठा. नाव जॉन ए. मॅकडोनाल्ड. हेच मॅकडोनाल्ड पुढे कॅनडाचे पहिले पंतप्रधान झाले. गुरू आणि चेला पुढे आयुष्यभर एकमेकांच्या विरुद्ध पक्षात राहिले. १८६१ मध्ये तर भर सभागृहात मॅकडोनाल्ड इतके भडकले, की मोवॅट यांच्या थोबाडीत द्यायला धावून गेले. लोकांनी मध्ये पडून त्यांना आवरलं.

मोवॅट टोरोंटो शहरात गेले आणि १८४१ मध्ये त्यांना वकिलीची सनद मिळाली. १८४६ मध्ये जेन एवर्ट यांच्याशी लग्न झालं. त्यांची वकिली मुख्यतः चॅन्सरी नावाच्या कोर्टात चालायची. गहाण पडलेली जमीन, वारसाहक्क, अज्ञान मुलांची मिळकत, विश्वस्तांकडे ठेवलेला पैसा, अशा बाबी या कोर्टात येत. मिळकतीवरून घराघरांत काय काय घडतं, हे मोवॅट यांनी अशी वर्षानुवर्षं कागदपत्रं वाचून जवळून पाहिलं.

१८५७ मध्ये ते निवडणूक जिंकून सभागृहात गेले. १८६४ मध्ये क्विबेक शहरात एक मोठी परिषद भरली. तिथल्या वेगवेगळ्या इंग्रजी वसाहतींनी एकत्र येऊन एक देश करायचा, आणि केंद्राकडे कोणते अधिकार, प्रांतांकडे कोणते, हे ठरवायचं, असा तिचा विषय. परिषदेला तेहतीस प्रतिनिधी होते आणि मोवॅट त्यांतले एक. या प्रतिनिधींच्या बायका-मुली क्विबेकला आल्या होत्या. संध्याकाळच्या मेजवान्यांना, नाचाला त्या हजर होत्या. पण चर्चेच्या खोलीत एकही बाई नव्हती. आणि ज्या जमिनीची वाटणी चालली होती, तिच्यावर हजारो वर्षं राहणारे तिथले आदिवासी, त्यांचाही एक माणूस त्या खोलीत नव्हता.

परिषदेनंतर लगेच मोवॅट न्यायाधीश झाले. आठ वर्षं ते त्या खुर्चीवर होते. मग ऑक्टोबर १८७२ मध्ये त्यांनी न्यायाधीशपद सोडलं आणि ओंटारिओचे मुख्यमंत्री झाले. न्यायाच्या खुर्चीवरून उठून थेट राजकारणात जाणं शोभतं का, अशी टीका झाली. पण ते मागे फिरले नाहीत.

नदी कोणाची?

आता केंद्रात पंतप्रधान मॅकडोनाल्ड आणि प्रांतात मुख्यमंत्री मोवॅट. जुने गुरू वर, जुना चेला खाली. मॅकडोनाल्ड यांचं म्हणणं असं, की खरं सरकार केंद्राचं, प्रांत म्हणजे मोठी नगरपालिका समजा. मोवॅट म्हणायचे, प्रांताला जे अधिकार दिलेत त्या बाबतीत प्रांतच मालक. केंद्रानं त्यात हात घालू नये.

हा वाद कसा चालायचा, ते एका नदीच्या गोष्टीवरून कळेल. ओंटारिओत मिसिसिपी नावाची एक नदी आहे. अमेरिकेतली प्रसिद्ध मिसिसिपी ती वेगळी, ही लहान. जंगलात झाडं तोडायची आणि ओंडके नदीत सोडून खाली गिरणीपर्यंत वाहत न्यायचे, असा तिथला धंदा. मॅक्लारेन नावाच्या बड्या लाकूड-व्यापाऱ्यानं या नदीत स्वतःच्या पैशानं बांध घातले, ओंडके घसरत जावेत म्हणून उतरणी बांधल्या. मग तो म्हणाला, खर्च माझा, म्हणून ही वाट माझी. वरच्या बाजूला कॉल्डवेल नावाच्या दुसऱ्या व्यापाऱ्याचं लाकूड होतं. त्याचे ओंडके मॅक्लारेननं अडवले.

मोवॅट यांच्या सरकारनं १८८१ मध्ये कायदा केला. नदी सगळ्यांची. ज्यानं सुधारणा केली त्याला वाजवी पैसे द्या, पण वाट अडवायची नाही. केंद्राला प्रांताचा कायदा रद्द करायचा अधिकार होता, आणि मॅक्लारेन केंद्रातल्या पक्षाच्या जवळचा. मॅकडोनाल्ड यांनी कायदा रद्द केला. मोवॅट यांनी तोच कायदा पुन्हा मंजूर केला. तो पुन्हा रद्द. तिसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा रद्द. १८८४ मध्ये मोवॅट यांनी तो चौथ्यांदा आणला. तेवढ्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजी साम्राज्याच्या सगळ्यांत वरच्या कोर्टानं, कॉल्डवेलच्या बाजूनं निकाल दिला. मग मात्र कायदा टिकला.

तोच अर्ज चार वेळा द्यावा लागला, हे ऐकून तुम्हाला तहसील कचेरीची आठवण झाली असेल. फरक एवढाच, की इथे अर्जदार स्वतः मुख्यमंत्री होता.

अशी कितीतरी प्रकरणं मोवॅट यांनी लढवली. टोरोंटोमधला हॉज नावाचा एक दारूगुत्तेवाला होता. शनिवारी रात्री ठरलेल्या वेळेनंतर गुत्त्यात बिलियर्डचा खेळ चालू ठेवला म्हणून त्याला वीस डॉलर दंड झाला. प्रांताला असे नियम करायचा हक्कच नाही, म्हणून तो भांडत भांडत लंडनपर्यंत गेला. १८८३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं, की आपल्या कक्षेत प्रांताचं सभागृह कोणाचं हस्तक नाही, त्याला पूर्ण अधिकार आहेत. आज कॅनडातल्या प्रांतांना जो मान आहे, त्यातला मोठा वाटा या खटल्यांचा.

तेव्हा मोवॅट यांचं मुख्य म्हणणं काय होतं? निर्णय लोकांच्या जवळ व्हावेत. ऐकायला चांगलं आहे. पण ज्या सभागृहासाठी ते एवढं भांडले, तिथे एकही बाई बसत नव्हती, आणि त्याच्या निवडणुकीत एकाही बाईला मत नव्हतं. निर्णयाची खोली जवळ आली, तरी बाई बाहेरच.

एक साल, चार कायदे

जुन्या इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बाई वेगळी उरत नसे. तिचा पैसा, दागिने, भांडीकुंडी, मजुरी, सगळं नवऱ्याचं. तिच्या माहेरच्या जमिनीचा कारभारही त्याच्याच हाती. तिला स्वतःच्या नावानं करार करता येत नसे. ओंटारिओत हे हळूहळू बदललं. मोवॅट सत्तेवर यायच्या थोडं आधी, १८७२ मध्येच, बाईची कमाई तिचीच, असा कायदा झाला होता.

१८८४ मध्ये मोवॅट यांच्या सरकारनं पुढचं मोठं पाऊल टाकलं. लग्न झालेली बाई स्वतःच्या नावावर मिळकत ठेवू शकते, विकू शकते, मृत्युपत्र करू शकते, तिच्याबद्दल कोर्टात जाऊ शकते. नवऱ्याची सही लागत नाही. दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये असा कायदा झाला होता, त्याच धर्तीवरचा हा होता.

त्याच साली टोरोंटोच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचं दार मुलींना उघडलं. कॉलेजचे प्रमुख डॅनियल विल्सन तयार नव्हते. मुलं-मुली एका वर्गात नकोत, असं त्यांचं म्हणणं. सभागृहानं ठराव केला आणि ऑक्टोबर १८८४ मध्ये सरकारनं हुकूम काढला. विल्सन यांना मान्य करावं लागलं.

त्याच साली कारखान्यांचा कायदा झाला. बारा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि चौदा वर्षांखालच्या मुलींना कामावर ठेवायचं नाही. बायकांना आठवड्यात साठ तासांहून जास्त राबवायचं नाही. साठ तास म्हणजे रोज दहा तास. आज आपल्याला ते फार वाटतील, पण त्याआधी मर्यादाच नव्हती. पुढे १८९५ मध्ये कारखाने तपासायला मार्गारेट कार्लाईल यांची नेमणूक झाली. बायकांच्या अडचणी बाईला सांगता येतात, हे तेव्हा सरकारला पटलं.

आणि त्याच साली नगरपालिकांच्या निवडणुकीत काही बायकांना मत मिळालं. कोणत्या बायकांना? ज्यांच्या नावावर मिळकत आहे आणि ज्या अविवाहित किंवा विधवा आहेत त्यांना. लग्न झालेलीला नाही.

इथे क्षणभर थांबा. एकाच साली एक कायदा सवाष्ण बाईला म्हणतो, तुझी मिळकत तुझी. दुसरा कायदा तिलाच म्हणतो, मिळकत असली तरी तुझं मत नाही. विधवेला मत, सधवेला नाही. सधवेच्या वतीनं तिचा नवरा बोलतोच की, असा त्यामागचा विचार. आपल्याकडे सरपंच बाईच्या जागी खुर्चीवर बसणारे पती आपण पाहिलेत. तो विचार तिकडेही होता, आणि तिकडे तो कायद्यातच लिहिलेला होता.

बायकांचं 'साहित्य मंडळ'

हे चार कायदे मोवॅट यांच्या मनात आपोआप उगवले का? नाही. त्यांच्यामागे बायकांची वर्षानुवर्षांची मेहनत होती.

टोरोंटोमध्ये एमिली स्टो नावाच्या डॉक्टर होत्या. कॅनडात वैद्यकीच्या कॉलेजात बाईला घेत नव्हते, म्हणून त्या न्यूयॉर्कला जाऊन १८६७ मध्ये डॉक्टर झाल्या. परत येऊन टोरोंटोत दवाखाना उघडला. पण सरकारी परवाना मिळायला १८८० साल उजाडलं. या एमिलीबाईंनी १८७६ मध्ये बायकांचं एक मंडळ काढलं. नाव ठेवलं 'साहित्य मंडळ'. पुस्तकं वाचायला बायका जमतात म्हटल्यावर घरचे अडवणार नाहीत, आणि बाहेरचेही दचकणार नाहीत. आत मात्र चर्चा मिळकतीची, शिक्षणाची, कारखान्यातल्या मजुरीची आणि मताची. १८८३ मध्ये त्यांनी नाव बदललं आणि उघडपणे मताच्या हक्काची संघटना केली.

आपल्यापैकी कितीतरी गट बचतीच्या नावानं सुरू झाले आणि बैठकीत रेशन, पाणी, नवऱ्याची मारहाण हे विषय निघू लागले. एमिलीबाईंचं मंडळ पाहिलं असतं, तर ते तुम्हाला परकं वाटलं नसतं.

या बायका अर्ज करत, शिष्टमंडळ घेऊन मुख्यमंत्र्यांना भेटत. मोवॅट सावध माणूस. लोकमत पुढे गेल्याशिवाय ते पाऊल उचलत नसत. पण दारावर थाप पडली की ऐकून घेत, आणि थोडं देता येत असेल तर देत. थाप पडायची थांबली की तेही थांबत.

'व्यक्ती' म्हणजे कोण?

१८९१ मध्ये क्लारा ब्रेट मार्टिन नावाच्या मुलीनं वकील होण्यासाठी अर्ज केला. वय सतरा-अठरा. गणित घेऊन पदवी मिळवलेली. सनद देण्याचा अधिकार 'लॉ सोसायटी' या वकिलांच्या संस्थेकडे. संस्थेचा नियम म्हणत होता, की अमुक पात्रता असलेल्या 'व्यक्ती'ला प्रवेश मिळेल. संस्थेनं उत्तर दिलं, 'व्यक्ती' म्हणजे पुरुष. बाई यात येत नाही.

आपल्याकडे जुन्या सरकारी कागदात 'इसम' हा शब्द असतो. इसम म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बाई येते का? तसंच हे. शब्दाचा अर्थ कोण लावतो, यावर सगळं असतं. आणि अर्थ लावणाऱ्यांच्या खोलीत सगळे पुरुष वकील होते.

मग बाल्फोर नावाच्या आमदारानं सभागृहात विधेयक आणलं. एमिली स्टो यांनी आणि इतर बायकांनी मुख्यमंत्र्यांकडे पाठपुरावा केला. मोवॅट यांनी पाठिंबा दिला. १८९२ मध्ये कायदा झाला, पण अर्धाच. बाईनं कचेरीत बसून कागदपत्रांची वकिली करावी, कोर्टात उभं राहू नये. शिवाय प्रवेश द्यायचा की नाही, ते संस्थेनं ठरवावं. सप्टेंबरमध्ये संस्थेनं ठरवलं, द्यायचा नाही.

तेव्हा मोवॅट यांनी एक गोष्ट केली. ते मुख्यमंत्री होतेच, शिवाय प्रांताचे मुख्य कायदे-अधिकारीही होते. त्या नात्यानं संस्थेच्या सभेत बसायचा त्यांना हक्क होता. डिसेंबर १८९२ मध्ये बहात्तर वर्षांचे मोवॅट स्वतः त्या सभेला गेले आणि क्लाराला प्रवेश द्यावा असा ठराव त्यांनी मांडला. मतदान झालं. ठराव एका मतानं मंजूर झाला.

मैत्रिणींनो, एका मतानं. मोवॅट यांना ठराव करा असं पत्र लिहून घरी बसता आलं असतं. पण त्या दिवशी ते त्या खोलीत जाऊन बसले. आमच्या मते त्यांच्या चोवीस वर्षांतली ही सगळ्यांत मोलाची बैठक.

क्लाराची वाट पुढेही सोपी नव्हती. कचेरीतले पुरुष उमेदवार तिला त्रास द्यायचे. वर्गात ती शिरली की शिट्ट्या वाजायच्या. तिनं कचेरी बदलली, पण शिकणं सोडलं नाही. कोर्टात उभं राहायची परवानगी देणारा दुसरा कायदा १८९५ मध्ये झाला. संस्थेनं पुन्हा टाळाटाळ केली. शेवटी तयार झाली, तीही बाईनं काळा पोशाख घालावा, डोकं उघडं ठेवावं, असे नियम करून. २ फेब्रुवारी १८९७ रोजी क्लारा ब्रेट मार्टिन वकील झाली. सगळ्या इंग्रजी साम्राज्यातली ती पहिली बाई वकील मानली जाते.

त्या साम्राज्यात आपणही होतो. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्येच इंग्लंडला ऑक्सफर्डमध्ये कायद्याची वरची परीक्षा दिली. म्हणजे ज्या वर्षी क्लारासाठी मतदान झालं, तेच वर्ष. पण बाई म्हणून त्यांना पदवी मिळायला जवळजवळ तीस वर्षं लागली, आणि बाई आहे म्हणून वकिली नाकारता येणार नाही असा कायदा भारतात १९२३ मध्ये झाला. हुशारी दोघींकडे होती. फरक पडला तो वेळेवर उभ्या राहिलेल्या एका ठरावाचा.

बाटली आणि मत

दारूचा प्रश्न तिकडेही पेटलेला होता. मजुरीचा पैसा गुत्त्यात जातो, घरी मार बसतो, म्हणून बायकांच्या संघटना दारूबंदी मागत होत्या. १८९४ च्या १ जानेवारीला ओंटारिओत लोकांचा कौल घेतला गेला. ज्या विधवा आणि अविवाहित बायकांना नगरपालिकेचं मत होतं, त्यांनीही मत टाकलं. आपल्याकडे गावोगावी बायकांनी 'आडवी बाटली'ला मत देऊन दुकानं बंद पाडली, त्याच्या शंभर वर्षं आधीची ही गोष्ट.

बहुमत दारूबंदीच्या बाजूनं पडलं. पण मोवॅट म्हणाले, हा अधिकार प्रांताचा आहे की केंद्राचा, ते आधी कोर्टाकडून ठरवून घेऊ. एरवी प्रांताच्या अधिकारासाठी चार-चार वेळा कायदा करणारा माणूस इथे मात्र कोर्टाची वाट पाहत बसला. कोर्टाचं उत्तर १८९६ मध्ये आलं, तोवर मोवॅट प्रांताचं राजकारण सोडून निघाले होते. त्यांच्या हातून दारूबंदी झाली नाही.

जे दार बंदच राहिलं

आता मुख्य मताचं. मोवॅट यांनी १८७४ मध्ये गुप्त मतदान आणलं. त्याआधी उमेदवाराचं नाव सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगावं लागे. मालक, सावकार बाजूलाच उभा! गुप्त मतदानानं गरिबाची भीती गेली. १८८८ मध्ये त्यांनी मिळकतीची अट काढून जवळजवळ सगळ्या सज्ञान पुरुषांना मत दिलं. म्हणजे ज्याच्या नावावर काही नाही त्या पुरुषाला मत, आणि शंभर एकर कसणाऱ्या विधवेला नाही.

वॉटर्स नावाचा आमदार १८८५ पासून पुन्हा पुन्हा बायकांच्या मताचं विधेयक आणत होता. मोवॅट यांच्या सरकारनं ते एकदाही मंजूर होऊ दिलं नाही. सत्ता टिकवायची कला त्यांना चांगली येत होती. सरकारी नेमणुका आपल्या माणसांना, मतदारसंघाच्या हद्दी आपल्या सोयीच्या. ज्या मतांनी आपण निवडून येतो ती मतं बिघडतील असं ते काही करत नसत. ओंटारिओतल्या बायकांना प्रांताच्या निवडणुकीत मत मिळालं ते १९१७ मध्ये, मोवॅट गेल्यानंतर चौदा वर्षांनी. आणि 'व्यक्ती' या शब्दात बाई येते, हे प्रिव्ही कौन्सिलनं कॅनडासाठी स्पष्ट सांगितलं ते १९२९ मध्ये, पाच बायकांनी मिळून खटला लढवला तेव्हा.

आणखी एक हिशेब सांगायला हवा. १८८३ मध्ये केंद्रानं एका लाकूड-कंपनीला ओंटारिओच्या पश्चिमेकडच्या जंगलात झाडं तोडायचा परवाना दिला. मोवॅट म्हणाले, जंगल प्रांताचं, परवाना देणारे तुम्ही कोण? खटला लंडनला गेला. मोवॅट स्वतः तिथे उभे राहिले आणि १८८८ मध्ये जिंकले. पण ते जंगल मुळात होतं ओजिब्वे आदिवासींचं. त्यांनी १८७३ मध्ये सरकारशी तह केला होता. केंद्र म्हणत होतं, ती जमीन आदिवासींची होती आणि तहानं ती आमच्याकडे आली. मोवॅट यांच्या बाजूनं सांगितलं गेलं, की आदिवासींची मालकी कधी नव्हतीच. जमीन कोणाची यावर वर्षानुवर्षं वकील बोलले, आणि ओजिब्वे लोकांना कोणी एकदाही विचारलं नाही. खटल्यात ते पक्षकार नव्हते, साक्षीलाही नव्हते. कॅनडातल्या आदिवासींना या निकालाचा फटका पुढे जवळजवळ शंभर वर्षं बसला. त्यांचा जमिनीवरचा जुना हक्क कायद्यात असू शकतो, हे वरच्या कोर्टानं मान्य केलं ते १९७३ मध्ये.

आपल्याकडच्या ज्या मैत्रिणी वनहक्काच्या दाव्यांचे कागद घेऊन फिरल्या आहेत, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

शेवटची वर्षं

जुलै १८९६ मध्ये मोवॅट यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. वर्षभर ते केंद्रात न्यायमंत्री होते. नोव्हेंबर १८९७ मध्ये ओंटारिओचे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या राज्यपालासारखे, झाले. पत्नी जेन १८९३ मध्येच वारल्या होत्या. १९ एप्रिल १९०३ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, टोरोंटोत त्यांचं निधन झालं.

मोवॅट यांना चांगलं म्हणायचं की वाईट? आम्हाला वाटतं, तो प्रश्न बाजूला ठेवावा. ते अभ्यासू होते, चिकाटीचे होते, दिलेल्या बायकांच्या हक्कांपासून मागे हटले नाहीत. पण जिथे बायका दारात उभ्या राहिल्या तिथेच त्यांनी दार उघडलं, आणि तेही किलकिलं. जिथे दारात कोणी पोहोचूच शकलं नाही, त्या ओजिब्वे लोकांचं घर त्यांनी प्रांताच्या खात्यात जमा केलं. चांगला माणूस आत बसलेला असला म्हणजे काम होतं, असं नाही. त्याच्यापर्यंत आपला आवाज जावा लागतो, आणि शेवटी आपणच आत जाऊन बसावं लागतं.

आपल्याकडे आज ती सोय आहे. महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची, असा नियम आहे. एमिलीबाईंकडे यातलं काही नव्हतं.

तेव्हा या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गावात गेल्या वर्षभरात झालेले तीन निर्णय आठवा. पाण्याची टाकी कुठे बांधायची, घरकुलाच्या यादीत कोण, गायरानाचं काय करायचं, असे कोणतेही. आणि प्रत्येकापुढे लिहा, तेव्हा खोलीत आपल्यापैकी कोण होतं. ग्रामसेवकाकडे ग्रामसभेचं इतिवृत्त मागा. त्यात ज्यांची सही आहे त्या बायका खरोखर सभेला होत्या, की वही नंतर घरी आली आणि त्यांनी सही केली, तेही विचारा. यादी झाली की आम्हाला कळवा. पुढच्या भागात तुमच्याच गावांची गोष्ट सांगू.

नमस्कार.